मूल जेवत नाही : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोवीस वर्षं बालवाडीत काढली आणि आता दर शनिवारी पालकांचा एक छोटा गट घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे निम्मे प्रश्न जेवणाचे असतात, आणि त्यातले बहुतेक रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान येतात. म्हणजे ताट नुकतंच आपटलेलं असतं, आई रडकुंडीला आलेली असते आणि मूल मजेत खेळत असतं. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सहा महिने ते सहा वर्षं एवढ्याच वयाचं बोलते. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. आमची दीड वर्षांची मुलगी काहीच खात नाही. काय करू?

आधी तीन दिवस वही घ्या आणि तिच्या तोंडात जे जे गेलं ते लिहा. एका आईने अशी यादी आणली होती : सकाळी उठल्यावर बाटलीभर दूध, आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, अंघोळीनंतर अर्धं केळं, शेजारच्या काकूंकडे चुरमुऱ्याचा लाडू, अकराला पुन्हा दूध. बाराला वरणभात समोर आला तेव्हा मुलीने मान फिरवली. ते "काहीच" म्हणजे "वरणभात काहीच" असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढीचा वेग. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. तोच वेग राहिला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचं झालं असतं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात वजन जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. नेमक्या त्याच सुमाराला मूल चालायला लागतं, घरभर फिरतं, आणि आपल्याला वाटतं की एवढी धावपळ करते तर जास्त खायला नको का.

२. मग वजन ठीक आहे की नाही हे कळणार कसं?

एका दिवसाच्या आकड्यावरून नाही कळत. माता आणि बालसंरक्षण कार्डात वाढीचा आलेख असतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून तो भरतात, खासगी डॉक्टरही भरून देतात. त्यात ठिपके जोडून होणारी रेघ पाहायची. मूल खालच्या पट्ट्यात असेल, पण रेघ त्या पट्ट्याला धरून वर चढत असेल, तर बहुतेक वेळा ती त्याची चण असते. आईबाबा दोघंही किरकोळ असतील तर मुलगा पैलवान कुठून होणार? रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली तर मात्र प्रश्न १९ वाचा.

३. उष्टावण कधी करायची? सासूबाई म्हणतात मुलीची पाचव्या महिन्यात करतात.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. आता सासूबाईंचं काय? मुलाची सम महिन्यात, मुलीची विषम महिन्यात ही आपली जुनी रीत. सहा महिने पूर्ण झाले की सातवा लागतो, आणि सात विषमच आहे. हे सांगून बघा, मी चार-पाच घरांत तरी हा वाद असाच मिटलेला पाहिला आहे.

पहिलं अन्न घट्ट हवं. चमचा तिरका केला तर ओघळून जाता कामा नये. वरणाचं पाणी, भाताची पेज यांनी पोट भरतं, पोषण फारसं होत नाही. वरणच कुस्करून द्या, वर तुपाचा थेंब. मऊभात, नाचणीसत्त्व, उकडून कुस्करलेलं रताळं, आणि घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं, हे सगळं सुरुवातीपासून चालतं. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका, गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात तेही नको. अंगठी नुसती दाखवा.

४. किती खायला हवं? वाटी-चमच्यात सांगा.

ढोबळ हिशेब असा : जितकी वर्षं तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी, पोळीचा एक चतकोर. संपलं आणि मागितलं तर पुन्हा. आपण दोन वर्षांच्या मुलासमोर आपली वाटी भरून ठेवतो आणि मग ती संपत नाही म्हणून हताश होतो. दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन खाणी, प्रत्येक दोहोंत अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात पाण्याशिवाय काही नाही.

५. तुम्ही गटात सारखं "तुमचं काम वेगळं, मुलाचं काम वेगळं" म्हणता. म्हणजे नेमकं काय?

काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. आपण बरोबर उलटं करतो. मुलाला विचारतो, "सोन्या, काय खाणार? मॅगी करू?" म्हणजे आपलं काम त्याच्यावर टाकतो. आणि मग "अजून तीन घास" म्हणत त्याचं काम स्वतःकडे घेतो.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. रात्री आठ वाजता सगळे जेवायला बसले. ताटात भात, आमटी, दुधीची भाजी, काकडी. काकडी त्याला आवडते म्हणून मुद्दाम ठेवली आहे. प्रत्येक जेवणात निदान एक गोष्ट त्याच्या ओळखीची असावी. तो म्हणतो, "दुधी नको." तुम्ही म्हणायचं, "बरं." एवढंच. पुढे "एकदा चाखून तर बघ", "ताई बघ कशी खाते" यातलं काही नाही. तो काकडी खातो, थोडा भात खातो, उठतो. हात धुवायचे, ताट उचलायचं. नवाला "भूक लागली" म्हणाला तर शांतपणे सांगायचं की स्वयंपाकघर आता बंद झालं, सकाळी उठलं की नाश्ता. त्याच्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

पहिले चार-पाच दिवस वाईट जातात, खोटं कशाला बोलू. मूल चाचपून बघतं की हे लोक खरंच बोलतायत की नेहमीसारखं तासाभराने बिस्किटाचा पुडा निघणार आहे. पुडा एकदा निघाला की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. माझ्या पाहण्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत ताटावरची भांडणं निवळतात. मूल एकदम भरपूर खाऊ लागतं असं नाही. एके दिवशी चार पोळ्या मागतं आणि दुसऱ्या दिवशी एका घासावर उठतं. आठवड्याचा हिशेब धरा.

६. पण उपाशी झोपली तर? मलाच झोप लागत नाही.

निरोगी, नीट वाढणाऱ्या मुलाचं एका रात्रीत काही बिघडत नाही. झोपताना कपभर दूध रोजचंच असेल तर ते द्या, पण रोजच्याइतकंच. जेवली नाही म्हणून बाटली मोठी करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती बाटलीचीच वाट पाहील. हे उत्तर आजारी, मधुमेही किंवा वजन आधीच कमी असलेल्या मुलांसाठी नाही.

७. मोबाईल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. कसं सोडवू?

मोबाईल बघताना मूल खात नसतं, त्याच्या तोंडात अन्न घातलं जात असतं. चव कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. तीन जेवणं प्रत्येकी चाळीस मिनिटं मोबाईलवर झाली तर दोन तास तिथेच संपले.

हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम बंद करणं सोपं जातं, असं माझं मत. शनिवारी सुरुवात करा, दोन दिवस दोघं घरी असता. "मोबाईल जेवत नाही, म्हणून तो जेवायच्या खोलीत येत नाही" असं काहीतरी सांगून सगळ्यांचे फोन बाहेर. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. आजोबांच्या साडेआठच्या बातम्यांचं काय करायचं हा घराघरातला नाजूक विषय आहे, तो तुम्ही सोडवा! त्या दोन दिवसांत मूल कमी खाईल, ते गृहीत धरा आणि प्रश्न ५ प्रमाणे वागा.

८. आमच्या आयांनीही चिऊचा घास, काऊचा घास करूनच भरवलं की. मग मोबाईलने काय बिघडलं?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्यात तथ्य आहे. चिऊ-काऊच्या वेळी मूल तुमच्याकडे बघतं, शब्द ऐकतं, हसतं, बोट दाखवतं. मोबाईलच्या वेळी तुम्ही नुसता चमचा असता. पण पोट भरलेल्या मुलाला गच्चीवर फिरवत, कावळा दाखवत आणखी सहा घास कोंबणं हीसुद्धा युक्तीच आहे. वर्षाच्या बाळाला गंमत म्हणून ठीक. चार वर्षांच्या मुलाच्या मागे वाटी घेऊन पार्किंगमध्ये धावत असाल तर चिऊला आता घरटी जाऊ दे.

९. जेवत नाही, पण दूध भरपूर पितो. म्हणजे काळजी नाही ना?

आहे. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुष्कळ झालं. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि ते पोट मात्र भरतं. लिटरभर दूध पिणारी, गोरीगोमटी दिसणारी, पण प्रत्यक्षात रक्त कमी असल्याने फिकट झालेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत. बद्धकोष्ठही बऱ्याचदा यातूनच.

२०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली, म्हणजे तिनातली दोन. तेव्हा "आमच्याकडे खाऊनपिऊन सुखी आहेत" म्हणून सोडू नका. सरकारी कार्यक्रमातून या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप आणि वर्षाच्या पुढच्या मुलांना जंताची गोळी मिळते, ती घ्या. घरात डाळी, मोड आलेली कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, अंडं, मांस-मासे जे चालत असेल ते द्या, आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे वनस्पतींतलं लोह अंगी लागायला मदत होते. चहाने उलट होतं, म्हणून चहात बुडवलेली पोळी लहान मुलांना नको, मग ती आजोबांच्या कपातली का असेना.

दूध कमी केल्यावर कॅल्शियमचं काय, असा पुढचा प्रश्न येतोच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची धिरडी, आंबील, लाडू आहेतच.

१०. दुधात घालायची ताकदीची पावडर कोणती चांगली?

माझ्या मते कुठलीच लागत नाही. डब्यावर मागे बारीक अक्षरात साखर किती ते वाचा. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या वर्गातून काढायला सांगितली, कारण कायद्यात "हेल्थ ड्रिंक" अशी व्याख्याच नाही.

११. भाज्या बघून तोंड फिरवतो. पोळीत लपवून घालू का?

घाला, पालकाच्या पुऱ्या आणि दुधीचे थालीपीठ कुणी वाईट म्हटलंय? पण भाजी भाजीसारखी ताटातही दिसू द्या, नाहीतर त्याची तिच्याशी ओळखच होणार नाही. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची भीती वाटणं स्वाभाविक असतं. एखादी भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती तोंडात घालतं, आणि आपण तिसऱ्या वेळी "याला गवार आवडत नाही" असं जाहीर करून मोकळे होतो. माझ्या मुलाने लाल भोपळ्याला हात लावायला दीड वर्ष घेतलं. आता भरीत मागून खातो.

हाताला काम द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, कोथिंबीर धुणं. सोलता सोलता निम्मे मटार कच्चेच पोटात जातात. फक्त तीनच्या आतलं मूल असेल तर कच्च्या मटारांकडे लक्ष ठेवा (प्रश्न १४). आणि "भाजी संपवली तर चॉकलेट" हा सौदा करू नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

१२. बालवाडीतून डबा तसाच परत येतो. घरी तर तेच खाते.

यावर मी एक पुस्तक लिहू शकेन. डब्याच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं असतात. त्यातली दहा अनेक मुलांची झाकणाशी झटापट करण्यात जातात. चार बाजूंनी कड्या असलेले, हवाबंद, महागडे डबे साडेतीन वर्षांच्या बोटांना उघडत नाहीत. मूल लाजाळू असेल तर बाईंना सांगत नाही, नुसतं डब्यावरचं चित्र बघत बसतं. एक मुलगी आठवडाभर असाच डबा मांडीवर घेऊन बसायची. आई भाज्या बदलून थकली होती. शेवटी साधा प्रेसच्या झाकणाचा स्टीलचा डबा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा.

तेव्हा नवा डबा आधी घरी, तिच्याकडून, दहा वेळा उघडून घ्या. मग डब्यातलं अन्न तीन तासांनी तुम्ही खाऊन बघा. गरम पोळी लगेच झाकली तर वाफेने लिबलिबीत होते, डोसा गार झाला की चामड्यासारखा लागतो, पातळ रस्सा सगळीकडे पसरतो. टिकणारं काय? तूप लावलेल्या पोळीची सुरळी, दोन तुकडे करून, धिरडं, इडलीचे चार तुकडे, दडपे नाही पण कांदेपोहे, तिखट-मिठाच्या पुऱ्या. थोडंच द्या, प्रश्न ४मधल्या मापाने. आणि घरी आल्या आल्या दप्तरातून आधी डबा काढून बघू नका. तिला काय खेळलात ते विचारा.

१३. आम्ही परदेशात असतो. डेकेअरने डबा परत पाठवला, त्यात शेंगदाण्याचं कूट होतं.

तिथे बऱ्याच डेकेअरमध्ये शेंगदाण्याला आणि काजू-बदामाला सक्त मनाई असते, कारण एखाद्या मुलाला जीवघेणी अ‍ॅलर्जी असू शकते. आपलं कूट साबुदाण्यात दिसतं, पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीत लपलेलं असतं. डब्यापुरतं ओलं खोबरं वापरा. तीळ चालतात का ते मात्र तिथे विचारूनच घ्या.

१४. घास घशात अडकेल या भीतीने अजून सगळं मिक्सरमधूनच काढते. मुलगा चौदा महिन्यांचा आहे.

आता थांबवा. आठ-नऊ महिन्यांपासून गुठळ्या असलेलं अन्न तोंडात फिरवायची सवय लागायला हवी, उशीर झाला तर पुढे चावायचाच कंटाळा करतात. खोकणं, ओकारी काढणं, चेहरा लाल होणं म्हणजे घसा आपलं काम करतोय. आवाजच बंद झाला, ओठ निळसर झाले, तर अडकलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब, पुन्हा तेच. आणि दुसऱ्याने १०८ला फोन. मोठ्या मुलासाठी पोटावर दाब द्यायची वेगळी पद्धत आहे. ती वाचून नाही, कुणाकडून तरी करून शिकून घ्या. आंधळेपणाने तोंडात बोट घालू नका.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न पाचच्या आत नकोच. द्राक्षं उभी चिरून. आणि पळता पळता, हसवत, गाडीत भरवणं नको.

१५. आजी-आजोबा ऐकत नाहीत. मी ताट उचललं की मागून भरवतात.

तुमच्या घरातले आजी-आजोबा सत्तरीच्या आसपास असतील तर त्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला असेल. तेव्हा बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि मदतीत वाटलेली सुकडी खाल्लेल्या माणसाला पानात टाकलेला भात बघवत नाही, यात त्यांचं काय चुकलं? त्यांच्याशी पोषणावर वाद घालू नका. ताटात इतकं कमी वाढा की टाकायची वेळच येणार नाही. आणि त्यांना एक काम पूर्ण सोपवा, समजा चारचं खाणं. ते काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं, बाकी वेळचं तुम्ही. "आई, चारचं तुमच्याकडे" म्हटलं की निम्मी लढाई संपते. हे बोलणं शक्यतो मुलाने करावं, सुनेने नाही.

१६. दोघांची नोकरी. पाळणाघरातून सहाला आणतो आणि जेवण होईपर्यंत ती वेफर्सवर असते.

सहाला तिला खाऊ नको, जेवण हवं असतं. साडेसहालाच वरणभात-पोळी द्या. साडेआठला तुमच्याबरोबर बसून एक चतकोर कुरतडली तरी पुरे. सकाळीच वरण लावून ठेवलं तर हे जमतं.

१७. तापातून उठल्यावर खाणं पार बंद झालंय.

ताप असताना जबरदस्ती नको. थोडं थोडं, पातळ, वारंवार. अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवा. बरं वाटल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, तेव्हा भूक परत येते आणि घटलेलं भरून निघतं. तीन आठवड्यांनीही खाणं रुळावर नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

१८. मुलगा जेवत नाही, पण पाटीवरची पेन्सिल आणि भिंतीचा चुना खातो!

त्याला रागावू नका, रक्त तपासा. माती, खडू, पेन्सिल खाण्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. जुन्या वाड्यात राहत असाल तर रंगाचे पोपडे विशेष जपा, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. हिमोग्लोबिन आणि जंत दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

१९. किती वाट पाहायची? डॉक्टरांकडे कधी जायचं?

वजनाची रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, मूल खेळताना लवकर दमतं, फिकट दिसतं, सारख्या उलट्या होतात, शौचात रक्त पडतं, गिळताना दुखतं, घास पाहूनच ओकारी येते, किंवा आधी खाणारे पदार्थ एकेक करत सुटत जाऊन मोजके आठ-दहाच उरले आहेत, यातलं एकही असेल तर वाट पाहू नका. शेवटचं लक्षण घरात "नखरे" म्हणून सहज निघून जातं. काही मुलांना स्पर्शाचा, वासाचा खरोखर त्रास होतो, आणि त्यांना ऑक्युपेशनल थेरपीने, म्हणजे स्पर्श-वासाची हळूहळू सवय करून देणाऱ्या उपचारांनी, फरक पडतो. त्यांच्यावर प्रश्न ५मधली शिस्त एकट्याने लावू नका.

२०. सगळं नीट चाललंय, पण लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "किती वाळलाय गं, काही देतेस की नाही?"

मुलासमोर स्पष्टीकरण देत बसू नका, तो ऐकत असतो. "मागच्याच आठवड्यात वजन केलं मावशी, छान आहे," म्हणा, आणि लगेच त्यांच्या गुडघ्याची चौकशी करा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही.